ब्रोकरकडे अडकलेले भाडे: अमेरिकेत नव्याने ट्रकिंग सुरू करणाऱ्यांसाठी वसुलीची क्रमवार वाट

अमेरिकेत स्वतःच्या परवान्यावर ट्रक चालवू लागलेल्या माणसाला डिझेल, विमा आणि टायर यांचा खर्च पहिल्या सहा महिन्यांत बऱ्यापैकी उमगतो. माल वेळेवर पोचवूनही भाडे हाती न येणे हा प्रकार मात्र अंगावर आल्याशिवाय कळत नाही. माझ्या दोन ट्रकच्या व्यवसायात दुसऱ्याच वर्षी एका ब्रोकरकडे, म्हणजे लोड मिळवून देणाऱ्या मध्यस्थाकडे, तीन लोडचे मिळून ६,९०० डॉलर अडकले आणि मी चार महिने केवळ फोन करत राहिलो. त्यांच्या हिशेब विभागातील बाई फार गोड बोलत असत, दर शुक्रवारी ‘पुढच्या आठवड्यात चेक निघेल’ असे सांगत असत, आणि भिडेखातर मी लेखी काहीच मागितले नाही. पाचव्या महिन्यात त्या ब्रोकरचा बाँड, म्हणजे भाडे बुडाल्यास भरपाईसाठी ठेवलेले तारण, रद्द झाल्याचे कळले. तोवर माझ्यासारखे अनेक कॅरियर, म्हणजे माल वाहणारे ट्रकमालक, दावा लावून बसले होते आणि अखेर माझ्या पदरात मूळ रकमेच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी पडले.

म्हणून पुढील क्रम लिहून ठेवतो आहे. त्यात कायद्याचे तपशील येतील, परंतु मी वकील नाही. रक्कम मोठी असेल तर वाहतूक कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे जाण्यास संकोच करू नये.

१. लोड घेण्यापूर्वी समोरचा कोण आहे ते तपासा

ब्रोकर स्वतः माल वाहून नेत नाही. तो शिपरकडून, म्हणजे माल पाठवणाऱ्याकडून, काम घेतो, तुमच्यासारख्या कॅरियरला देतो आणि मधला फरक ठेवतो. त्यासाठी त्याला फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनकडे, म्हणजे एफएमसीएसएकडे, नोंदणी करावी लागते आणि ७५,००० डॉलरचे आर्थिक तारण ठेवावे लागते. हे तारण शुअरटी कंपनीच्या, म्हणजे हमी देणाऱ्या कंपनीच्या, बाँडच्या रूपात असेल तर त्याचा फॉर्म बीएमसी-८४ आणि ट्रस्ट फंडाच्या रूपात असेल तर बीएमसी-८५ असतो. १ ऑक्टोबर २०१३ पूर्वी हीच रक्कम अवघी १०,००० डॉलर होती. पूर्वीच्या मानाने हे बरे असले तरी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ७५,००० हा आकडा एका कॅरियरसाठी नसून त्या ब्रोकरकडे पैसे अडकलेल्या सर्वांसाठी मिळून आहे.

एफएमसीएसएच्या संकेतस्थळावर ब्रोकरचा क्रमांक टाकला की परवाना चालू आहे का, तारण लागू आहे का आणि ते कोणत्या कंपनीचे आहे, हे विनामूल्य दिसते. बाँड रद्द करण्याची सूचना दाखल झाली असेल तर तीही तेथे दिसते. अशी सूचना ३० दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे ती दिसत असताना त्या ब्रोकरचा लोड घेणे म्हणजे बुडत्या नावेत पाय ठेवणे होय. शुअरटी कंपनीचे नाव आणि बाँडचा क्रमांक त्याच दिवशी टिपून ठेवा, कारण भांडण सुरू झाल्यावर हीच माहिती शोधत बसावे लागते.

दुसरी तपासणी फसवणुकीची. लोड बोर्डवर, म्हणजे लोडच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर, दिसलेला फोन क्रमांक आणि ईमेल यांवर विसंबू नका. एफएमसीएसएकडे नोंदलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करा आणि या नावाचा माणूस तुमच्याकडे आहे का, हा लोड तुमचाच आहे का, असे विचारा. खऱ्या ब्रोकरच्या ईमेल पत्त्यात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून बनवलेल्या पत्त्यांवरून लोड देणारे भामटे आता बरेच झाले आहेत. त्यांच्याकडून भाडे बुडाले की खरा ब्रोकर, साहजिकच, कानावर हात ठेवतो.

२. करार आणि रेट कन्फर्मेशन सही करण्याआधी वाचा

पहिल्या लोडच्या वेळी ब्रोकर कराराची जाडजूड फाइल पाठवतो आणि ट्रक गोदामाच्या फाटकात उभा असताना सही मागतो. घाई असली तरी पाच गोष्टी शोधाच: पैसे किती दिवसांत देणार आणि ते दिवस माल पोचल्यापासून मोजायचे की कागद मिळाल्यापासून, मालाच्या नुकसानीचा दावा आला तर तुमच्या भाड्यातून परस्पर वजावट करण्याचा हक्क ब्रोकरने घेतला आहे का, उशीर झाल्यास किंवा फोनवरील ट्रॅकिंग बंद पडल्यास किती दंड आहे, भाड्यासाठी शिपरशी संपर्क करण्यास मनाई आहे का, आणि वाद झाल्यास तो कोणत्या राज्यातील न्यायालयात चालणार.

ट्रॅकिंगच्या दंडाबद्दल थोडे अधिक सांगतो. डोंगराळ भागात फोनची रेंज गेली म्हणून २०० डॉलर कापल्याची तक्रार घेऊन नवे लोक माझ्याकडे येतात, आणि कलम वाचले तर त्यावर त्यांचीच सही असते. असे कलम खोडून, शेजारी आद्याक्षरे लिहून परत पाठवण्यास कोणतीही बंदी नाही. दहापैकी काही ब्रोकर नाही म्हणतील. उरलेले मान्य करतील.

रेट कन्फर्मेशनवर, म्हणजे त्या लोडचे भाडे आणि अटी ठरवणाऱ्या कागदावर, भाडे, थांबण्याचे शुल्क म्हणजे डिटेन्शन, ते किती तासांनंतर सुरू होणार, आणि माल उतरवणाऱ्या लंपरचे पैसे कोण देणार, हे सारे आकड्यांत हवे. फोनवर ‘आम्ही बघून घेऊ’ असे कोणी म्हटले तर लगेच एका ओळीचा ईमेल पाठवून तेच लेखी मान्य करून घ्या.

३. गोदामातच पुरावा तयार करा

भाड्याच्या बहुतेक वादांचा निकाल डॉकवरच, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या फलाटावरच, लागलेला असतो. जॉर्जियातील एका गोदामात माझी सकाळी नऊची वेळ होती. मी ८:४० ला फाटकावर पोचलो, डॉक मिळाला १:४० ला आणि बाहेर पडलो तेव्हा साडेतीन वाजले होते. पहिले दोन तास मोफत धरले तरी साडेचार तासांचे डिटेन्शन होत होते. तेथील कारकुनाने बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, सही केली, शिक्का मारला, आणि आत-बाहेरच्या वेळेच्या दोन्ही रकान्यांत काहीच लिहिले नाही. मी थकलेला होतो, कागद दुमडून खिशात घातला आणि निघालो. ब्रोकरने डिटेन्शनचा एक सेंटही दिला नाही आणि त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही दिला नसता, कारण कागदावर माझ्या साडेचार तासांची कोठेही नोंद नव्हती.

तेव्हापासून मी वेळ लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडत नाही. कारकून नकार देत असेल तर फाटकावरच्या चिठ्ठीचा फोटो काढतो, इलेक्ट्रॉनिक लॉगमधील नोंद जपून ठेवतो आणि मोफत वेळ संपण्याच्या अर्धा तास आधी डॉकवरूनच ब्रोकरला ईमेल करतो. अनेक करारांत वेळेत कळवले नसेल तर डिटेन्शन मिळत नाही असे कलम असते, म्हणून हा ईमेल महत्त्वाचा.

माल चढवताना तुम्हाला मोजू दिला नसेल आणि ट्रेलर सीलबंद मिळाला असेल, तर ‘शिपर लोड अँड काउंट’, म्हणजे माल शिपरनेच चढवला आणि मोजला, ही नोंद बिल ऑफ लेडिंगवर करून घ्या आणि सीलचा क्रमांक लिहा. उतरवताना रिसीव्हरने, म्हणजे माल घेणाऱ्याने, ‘दोन खोकी कमी’ असे लिहिले, तर सील शाबूत होते ही नोंदही त्याच कागदावर त्याच्याच सहीने यायला हवी.

४. बिल पाठवताना एकही कागद मागे ठेवू नका

माल पोचल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सर्व कागद एकाच ईमेलमध्ये पाठवा. कागद अपुरे आहेत ही सबब पैसे लांबवण्यासाठी सर्वांत सोयीची असते, आणि ती तुम्हीच हाती देऊ नये. पुढे दावा लावायची वेळ आली तरी हेच कागद लागतात:

• दोन्ही बाजूंच्या सहीचे रेट कन्फर्मेशन आणि मूळ करार
• रिसीव्हरची सही, नाव आणि तारीख असलेले बिल ऑफ लेडिंग, म्हणजेच माल पोचल्याचा पुरावा
• बिल क्रमांक, लोड क्रमांक आणि देय तारीख असलेले तुमचे बिल
• लंपरची पावती, डिटेन्शनच्या वेळांचा पुरावा आणि ते मान्य केल्याचा ईमेल
• डब्ल्यू-९ हा करविषयक फॉर्म आणि विम्याचे प्रमाणपत्र, विशेषतः पहिल्या लोडच्या वेळी
• ब्रोकरशी झालेला सर्व पत्रव्यवहार, तारखेनुसार लावलेला

तुम्ही बिले फॅक्टरिंग कंपनीला, म्हणजे बिले विकत घेऊन आगाऊ पैसे देणाऱ्या कंपनीला, विकत असाल तर ब्रोकरला हस्तांतरणाची नोटीस गेलेली असते आणि त्यानंतर पैसे फॅक्टरिंग कंपनीलाच द्यावे लागतात. चुकून तुमच्या खात्यात आले तर ते तुमचे नाहीत. ‘नॉन-रिकोर्स’, म्हणजे ब्रोकरने पैसे बुडवले तरी ते तुमच्याकडून परत घेणार नाही, या शब्दाने मात्र फार हुरळून जाऊ नका. ते संरक्षण बहुधा ब्रोकरचे दिवाळे निघाल्यासच लागू होते; माल कमी पोचला किंवा उशीर झाला असा वाद ब्रोकरने उपस्थित केला, की फॅक्टरिंग कंपनी ती रक्कम तुमच्याकडूनच परत घेते.

५. पैसे का अडले आहेत ते आधी ओळखा

देय तारीख उलटली की फोन करण्यापूर्वी कारण लेखी विचारा, कारण प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे. कागद हरवले असतील तर पुन्हा पाठवून काम भागते. ब्रोकरकडे पैसेच नसतील तर उत्तरे गुळमुळीत येतात, माणसे बदलतात, फोन उचलले जात नाहीत. अशा वेळी पत्रापत्रीत महिना न घालवता थेट सातव्या पायरीकडे वळा. लोड देणारा मुळात तोतया असेल, किंवा एखाद्या कॅरियरने स्वतः घेतलेला लोड ब्रोकरचा परवाना नसताना तुम्हाला पुढे विकला असेल, तर बिल ऑफ लेडिंगवरील शिपर आणि खरा ब्रोकर यांना त्याच दिवशी लेखी कळवा, कारण त्यांनी मधल्या माणसाला पैसे अजून दिलेले नसतील तर तीच तुमची खरी आशा असते. विनापरवाना ब्रोकरी करणाऱ्यावर संघीय कायद्यानुसार प्रत्येक उल्लंघनास १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि नुकसान झालेल्याला त्याच्याविरुद्ध दावाही करता येतो.

राहिला मालाच्या नुकसानीचा वाद. माझ्या एका लोडमध्ये रिसीव्हरने दोन खोकी कमी असल्याचे लिहिले. त्या खोक्यांची किंमत जेमतेम ९० डॉलर होती, परंतु ब्रोकरने २,४०० डॉलरचे पूर्ण भाडे ‘दाव्याची चौकशी चालू आहे’ या एका वाक्यावर रोखून धरले. अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच: लेखी दावा कोठे आहे? संघीय नियमांनुसार मालाच्या दाव्यात तो लोड ओळखता येईल इतका तपशील, कॅरियर जबाबदार असल्याचे म्हणणे आणि निश्चित किंवा ठरवता येईल अशी रक्कम असावी लागते. बिल ऑफ लेडिंगवरचा नुसता शेरा म्हणजे दावा नव्हे. दावा आलाच तर ३० दिवसांत पोच द्या आणि १२० दिवसांत तो मान्य करा, नाकारा किंवा तडजोडीचा आकडा सांगा, आणि पहिल्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. मी लेखी दावा मागितल्यावर दहा दिवसांनी ९० डॉलर कापून उरलेले भाडे आले. ते ९० डॉलर मी सोडून दिले, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

६. मागणीपत्र पाठवा

देय तारखेनंतर दहा दिवस उलटले की मागणीपत्र जायला हवे. एका पानाचे पुरते. त्यात लोड क्रमांक, माल पोचल्याची तारीख, बिल पाठवल्याची तारीख, देय तारीख, रक्कम आणि पैसे भरण्याची अंतिम तारीख लिहा, आणि त्या तारखेनंतर अमुक शुअरटी कंपनीकडे अमुक क्रमांकाच्या बाँडवर दावा दाखल केला जाईल असे नाव-क्रमांकासह नमूद करा. या शेवटच्या वाक्याने जे काम होते ते दहा फोनांनी होत नाही. ईमेल करा आणि पोच मिळणाऱ्या टपालानेही पाठवा. शिवीगाळ, धमकी, समाजमाध्यमांवर बदनामीची भाषा यांतले काहीही नको. हेच पत्र उद्या न्यायाधीशांसमोर जाणार आहे, हे धरूनच लिहा.

याच पत्रात व्यवहाराची नोंद पाहण्याची मागणी जोडता येते. संघीय नियमावलीच्या ३७१.३ या नियमानुसार ब्रोकरने प्रत्येक व्यवहाराची नोंद तीन वर्षे ठेवायची असते आणि व्यवहारातील प्रत्येक पक्षाला ती पाहण्याचा हक्क असतो. त्यात ब्रोकरला मिळालेला मोबदला आणि तो देणाऱ्याचे नाव असते, म्हणजे शिपरने पैसे दिले आहेत का हे त्यातून उघड होऊ शकते. प्रत्यक्षात हा हक्क सोडून देत असल्याचे कलम पुष्कळ ब्रोकर करारात घालतात. २०२० च्या मे महिन्यात ट्रकचालक वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूवर ट्रक लावून बसले होते, तेव्हा पारदर्शकतेची हीच मागणी पुढे होती. लहान ट्रकमालकांची संघटना ओओआयडीए हिनेही तेव्हाच नियम बदलण्यासाठी अर्ज केला आणि एफएमसीएसएने त्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या नियमाचा प्रस्ताव मांडला.

७. बाँडवर दावा लावा, आणि उशीर करू नका

माझी सर्वांत मोठी चूक येथे झाली. बाँडवर दावा लावणे म्हणजे टोकाचे पाऊल, ते संबंध तुटल्यावरच उचलायचे, असा माझा समज होता. मात्र बाँडची रक्कम ठरलेली असते आणि दावे त्याहून जास्त झाले की ती प्रमाणशीर वाटली जाते. ब्रोकरने एकूण ३ लाख डॉलर बुडवले असतील तर ७५,००० मधून प्रत्येकाला डॉलरमागे २५ सेंट मिळतात. तुमचे २,४०० डॉलर असतील तर हाती ६०० येतात. ब्रोकरचा धंदा चालू असताना दावा लावला तर चित्र वेगळे असते. शुअरटी कंपनी त्याला जाब विचारते, बाँड गेला तर परवाना जाईल हे त्याला ठाऊक असते, आणि बहुधा तो स्वतःच पैसे देऊन दावा मिटवतो.

दाव्याचा अर्ज शुअरटी कंपनीकडे मिळतो आणि त्यासाठी वकील लागत नाही. अर्जासोबत वरील सर्व कागद जोडा. रक्कम मागताना रेट कन्फर्मेशनवर किंवा ईमेलवर मान्य झालेलीच मागा. मान्य न झालेले डिटेन्शन त्यात घुसवले की संपूर्ण दावा वादात अडकतो. कायद्यानुसार शुअरटीने दावा मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते आणि दावा नाकारला तर कारणे लेखी कळवायची असतात. ब्रोकरने संमती दिली, किंवा रीतसर विचारणा करूनही तो गप्प राहिला आणि दावा खरा ठरला, किंवा तुम्ही न्यायालयातून त्याच्याविरुद्ध निकाल मिळवला, तर पैसे मिळतात. ब्रोकर ‘आम्हाला हा दावा मान्य नाही’ असे लिहून मोकळा झाला तर शुअरटी हात वर करू शकते, आणि मग न्यायालयाची पायरी चढावी लागते. बाँड आधीच रद्द झाला असेल तर शुअरटीला दावे मागवण्याची जाहीर सूचना द्यावी लागते. ती ६० दिवसांची खिडकी चुकवू नका.

८. शिपरकडे जाण्यापूर्वी दोन कागद पुन्हा पाहा

माल ज्याचा, भाड्याची अंतिम जबाबदारी त्याची, या तत्त्वावर अनेक न्यायालयांनी कॅरियरला शिपरकडून भाडे मिळवून दिले आहे, अगदी शिपरने ब्रोकरला पैसे दिलेले असतानाही. आणि याच्या उलट निकालही आहेत. तुमच्या करारात शिपरकडे भाडे मागणार नाही असे कलम असेल, किंवा बिल ऑफ लेडिंगवरील ‘सेक्शन ७’ या, शिपरला भाड्याच्या जबाबदारीतून मोकळे करणाऱ्या, चौकटीत शिपरची सही असेल, तर हा मार्ग बहुतांशी बंद समजा. अडथळा नसेल तर सौम्य भाषेत, कागदांच्या प्रतींसह पत्र लिहा. शिपरने ब्रोकरला अद्याप पैसे दिले नसतील तर तो ते रोखून धरण्याची शक्यता बरीच असते.

९. न्यायालय आणि मुदत

आंतरराज्य वाहतुकीच्या भाड्यासाठी संघीय कायद्यात १८ महिन्यांची मुदत आहे. करारावर आधारित दाव्यांना काही ठिकाणी राज्याची अधिक लांब मुदत लागू झालेली आहे, तरी तुम्ही १८ महिनेच धरून चाला. लहान रकमांसाठी स्मॉल क्लेम्स न्यायालय पुरते, पण मर्यादा राज्यागणिक बदलते: टेक्सासच्या जस्टिस कोर्टात ती २०,००० डॉलर आहे, तर कॅलिफोर्नियात व्यक्तीसाठी १२,५०० आणि कंपनीसाठी ६,२५० डॉलर. समन्स कोणाला बजावायचे हा प्रश्न पडला तर ब्रोकरने एफएमसीएसएकडे दाखल केलेला बीओसी-३ फॉर्म पाहा. त्यात त्याच्या वतीने कागद स्वीकारणाऱ्या प्रतिनिधीचे नाव असते.

ब्रोकरने दिवाळखोरीचा अर्ज केला तर त्याच्याकडून वसुली तेथेच थांबवावी लागते आणि दिवाळखोरी न्यायालयात आपला दावा नोंदवावा लागतो. अर्जापूर्वीच्या ९० दिवसांत त्याच्याकडून मिळालेले पैसेही काही परिस्थितीत परत मागितले जाऊ शकतात, हे अनेकांना पत्र आल्यावरच कळते.

१०. सरकारी तक्रार

एफएमसीएसएच्या राष्ट्रीय ग्राहक तक्रार नोंदसंचात (नॅशनल कन्झ्युमर कम्प्लेंट डेटाबेस) ब्रोकरविरुद्ध तक्रार नोंदवता येते आणि ती अवश्य नोंदवा, मात्र त्यातून तुमचे पैसे येतील अशी अपेक्षा ठेवू नका. १९९५ च्या कायद्याने जुना आंतरराज्य वाणिज्य आयोग बरखास्त झाला आणि भाड्याच्या व्यावसायिक वादांचा निवाडा न्यायालयांकडे गेला.

११. तडजोडीचा चेक आला तर

चेक वटवण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजू आणि सोबतचे पत्र वाचा. वाद चालू असताना ‘संपूर्ण हिशेब चुकता’ असे स्पष्ट लिहिलेला कमी रकमेचा चेक तुम्ही वटवला, तर बहुतेक राज्यांत उरलेली रक्कम सोडून दिली असे धरले जाऊ शकते. आकडा मान्य नसेल तर तो न वटवता लेखी नकारासह परत पाठवा आणि परत पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. आकडा मान्य असेल तर तडजोडीच्या कागदावर ती कोणत्या लोडपुरती आहे ते क्रमांकासह लिहून घ्या, कारण त्याच ब्रोकरकडे तुमची दुसरी बिले अजून बाकी असू शकतात. आणि बाँडवरचा दावा मागे घेण्याचे पत्र चेक बँकेत पूर्णपणे वटल्यावरच पाठवा, आधी नाही.